फुप्फुसात गाठ, पिट्युटरीवर ठिपका आणि वाढलेलं एसीटीएच: आधी काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वहिनींचं वय ३६. गेल्या वर्षभरात चेहरा गोल झाला, पोटावर जांभळे पट्टे उमटले, मधुमेह आणि बीपी एकदमच निघाले, पोटॅशियम २.६. रात्री डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी तपासलेलं कॉर्टिसॉल (किडनीवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येणारं शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) ३१, एसीटीएच (मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून निघणारं, अ‍ॅड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला लावणारं हॉर्मोन) १४८. एमआरआयमध्ये पिट्युटरीत ४ मिलिमीटरचा ठिपका आणि छातीच्या सीटीत उजव्या फुप्फुसाच्या मधल्या खंडात १२ मिलिमीटरची गाठ. एक डॉक्टर म्हणतात नाकातून पिट्युटरीचं ऑपरेशन करा. दुसरे म्हणतात टीबीची गाठ दिसते, एकेटी म्हणजे टीबीची औषधं देऊन बघू. तिसरे म्हणतात कॅन्सर वाटतो, सुई घालून तुकडा काढा. आणि तुम्ही विचारताय, ऐकायचं कोणाचं? शिवाय वहिनी विडी-सिगारेट सोडाच, मिश्रीही लावत नाहीत, मग फुप्फुसात गाठ आली कुठून? आणि घरातल्या मुलांनाही तपासायचं का?

मी हॉर्मोनच्या आजारांचा डॉक्टर आहे. वहिनींना मी पाहिलेलं नाही, समोर फक्त तुम्ही दिलेले आकडे आहेत. त्यामुळे खालचं सगळं त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी ठेवायला म्हणून वाचा.

माझ्या मते तिघांपैकी बरोबर कोण, हे विचारायची वेळ अजून आलेलीच नाही. तिघंही चित्राकडे बघून बोलताहेत. एकाला मेंदूचं चित्र दिसतंय, दोघांना छातीचं. चित्रातल्या ठिपक्यांपैकी एसीटीएच कोणता बनवतोय, की कुठलाच बनवत नाही, हे अजून कोणी तपासलेलंच नाही. कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर वाढण्याच्या या आजारात, म्हणजे कुशिंग सिंड्रोममध्ये, क्रम फार महत्त्वाचा असतो: कॉर्टिसॉल खरंच जास्त आहे का, ते एसीटीएचमुळे जास्त आहे का, एसीटीएच कुठून येतंय, आणि मग शेवटी चाकू.

पहिली पायरी आपल्याकडे एका खास कारणाने घसरते. गोल चेहरा आणि जांभळे पट्टे घेऊन येणाऱ्यांत बाहेरून पोटात गेलेलं स्टिरॉइड हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, 'भूक लागायची' गोळी, मेडिकलमधून परस्पर आणलेलं गोरं करणारं क्रीम. म्हणून मी प्रत्येक पेशंटला घरातली सगळी औषधं, पुड्या आणि ट्यूब पिशवीत घालून आणायला सांगतो. वहिनींच्या बाबतीत हे कारण बसत नाही, कारण बाहेरचं स्टिरॉइड असेल तर एसीटीएच दबलेलं असतं. त्यांचं १४८ आहे. डेक्सामेथासोननंतर निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल १.८ च्या खाली जातं, त्यांचं ३१ वर आहे. तरीही एका चाचणीवर थांबू नका. २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल किंवा रात्री अकराच्या सुमाराची लाळेची तपासणी, यातलं एक तरी दोनदा करून घ्या. लाळ देण्याआधी दात घासू नयेत, हिरड्यांतून रक्त येत असेल तर नमुना बाद. खोकल्यासाठी जेष्ठमध चालू असेल तर आधीच बंद करा, त्यानेही आकडा बिघडतो.

दुसऱ्या पायरीवर थोडं जास्त बोलतो, कारण तालुक्याच्या गावात नेमकं इथेच बिनसतं. एसीटीएच हा फार नाजूक रेणू आहे. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यायचं, नळी लगेच बर्फात ठेवायची, थोड्याच वेळात थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची आणि प्लाझ्मा गोठवून पाठवायचा. नळी दुपारभर कलेक्शन सेंटरच्या टेबलावर पडून राहिली आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेली, तर तोपर्यंत एसीटीएच विरघळून जातं आणि रिपोर्टमध्ये ८ किंवा ९ छापून येतं. मग वाटतं, दोष अ‍ॅड्रिनल ग्रंथीत आहे, आणि चर्चा सुरू होते अ‍ॅड्रिनल काढायची. ढोबळ हिशेब असा: आकडा २० च्या वर असेल तर कॉर्टिसॉल एसीटीएचमुळे वाढलंय, १० च्या खाली असेल तर अ‍ॅड्रिनलकडे बघायचं, आणि मधला असेल तर नीट हाताळलेला नमुना पुन्हा पाठवायचा. हयगयीने आकडा खोटा कमी येतो, खोटा वाढत सहसा नाही. म्हणून वहिनींच्या १४८ वर मी विश्वास ठेवीन.

आता तिसरी पायरी, जिथे तुम्ही अडकला आहात. एसीटीएच पिट्युटरीतल्या बारीक गाठीतून येऊ शकतं. अशा पेशंटांत बहुतेकांना तेच असतं. पण दहांपैकी एकदोघांमध्ये ते शरीरात भलतीकडून येतं आणि त्यातली नेहमीची जागा म्हणजे फुप्फुस. तिथे दोन अगदी वेगळे आजार असतात. एक स्मॉल सेल कॅन्सर: बहुधा धूम्रपान करणाऱ्यांचा, आडदांड, आठवड्यांत पसरणारा. त्यात चेहरा गोल व्हायलाही वेळ मिळत नाही. माणूस खंगतो, कातडी काळवंडते, पोटॅशियम कोसळतं. दुसरा ब्रॉन्कियल कार्सिनॉइड: श्वासनलिकेच्या अस्तरातल्या न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हॉर्मोन बनवू शकणाऱ्या पेशींची गाठ, सहसा वर्षानुवर्षं सावकाश वाढणारी. फुप्फुसाच्या सगळ्या गाठींमध्ये हिचं प्रमाण एकदोन टक्केच. तरुण, कधीही विडी न ओढलेल्या माणसांतही ती होते. टिपिकल कार्सिनॉइडचा तंबाखूशी ठाम संबंध दिसलेला नाही. त्यामुळे चुलीच्या धुरात किंवा आणखी कशात कारण शोधत बसू नका, आणि वहिनींनाही कोणी बोल लावू नये.

जाता जाता एक गोष्ट. लंडनच्या डब्ल्यू. एच. ब्राउन यांनी १९२८ साली 'लॅन्सेट'मध्ये दाढी-मिशा आलेल्या, मधुमेह असलेल्या एका बाईची हकिगत छापली. तिच्या फुप्फुसात, आज ज्याला स्मॉल सेल म्हणतात, तो कॅन्सर निघाला होता. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखतात त्या हार्वी कुशिंग यांचा पिट्युटरीवरचा गाजलेला लेख त्यानंतर १९३२ चा. फुप्फुसातली गाठ स्वतः एसीटीएच बनवते हे ग्रँट लिडल आणि सहकाऱ्यांनी दाखवेपर्यंत मात्र १९६० चं दशक उजाडलं.

पोटॅशियम २.६ असल्याने माझं पारडं बाहेरच्या गाठीकडे झुकतं. कॉर्टिसॉल इतकं वाढतं की ते निष्क्रिय करणारं किडनीतलं एन्झाइम कमी पडतं, मग कॉर्टिसॉल तिथे अल्डोस्टेरॉनसारखं (मीठ धरून पोटॅशियम बाहेर टाकायला लावणाऱ्या हॉर्मोनसारखं) वागतं आणि पोटॅशियम लघवीतून वाहून जातं. पण हा फक्त कल झाला. पिट्युटरीच्या काही पेशंटांतही पोटॅशियम घसरतं, आणि कार्सिनॉइड कधीकधी हुबेहूब पिट्युटरीसारखं वागतं. जास्त डोसची डेक्सामेथासोन चाचणी दोन्हींत फरक करते असं जुन्या पुस्तकात असलं, तरी मी एकट्या तिच्यावर निर्णय घेत नाही.

पिट्युटरीवरच्या ४ मिलिमीटरच्या ठिपक्याने हुरळून जायचं नाही. कसलाही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले तरी दहांतल्या साधारण एकाच्या पिट्युटरीत असं काहीतरी दिसतं. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात हिशेब स्पष्ट आहे: १० मिलिमीटर किंवा मोठी गाठ असेल तर पिट्युटरीच धरा, ६ पेक्षा लहान असेल तर रक्त तपासून खात्री करा. ही खात्री करणाऱ्या तपासणीचं नाव इन्फीरियर पेट्रोसल सायनस सॅम्पलिंग. दोन्ही जांघांतल्या शिरांतून बारीक नळ्या थेट पिट्युटरीचं रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांपर्यंत नेतात आणि तिथलं व हातातलं रक्त एकाच क्षणी घेतात. मग उत्तेजक इंजेक्शन देतात, आपल्याकडे बहुधा डेस्मोप्रेसिन, आणि काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा नमुने. पिट्युटरीजवळचं एसीटीएच हातातल्यापेक्षा सुरुवातीला दुपटीहून किंवा इंजेक्शननंतर तिपटीहून जास्त भरलं, तर उगम पिट्युटरीत. फरकच नसेल तर पिट्युटरी गप्प आहे आणि हुकूम भलतंच कोणी सोडतंय.

ही तपासणी हातखंडा असलेल्या ठिकाणीच करावी. मुंबईत परळचं केईएम, दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय अशा ठिकाणी ती होते. दोन अटी मात्र पाळाव्या लागतात. तपासणीच्या दिवशी कॉर्टिसॉल चढलेलं असलं पाहिजे, कारण आठवडेच्या आठवडे औषधाने ते खाली आणलेलं असेल तर दबलेली निरोगी पिट्युटरी जागी होते आणि निकाल फसवा येतो. आणि नमुने बर्फातच ठेवायचे. बारा-पंधरा नळ्यांवर डावी, उजवी, हात आणि वेळ नीट लिहिणारा माणूस त्या खोलीत रेडिओलॉजिस्टइतकाच महत्त्वाचा असतो.

आता छातीतल्या गाठीकडे. दुसऱ्या डॉक्टरांना टीबी सुचला यात नवल नाही. आपल्याकडे फुप्फुसातल्या लहान गाठी पुष्कळदा टीबीच्या जुन्या खुणा असतात. शिवाय कॉर्टिसॉल वाढलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती खालावते, त्यामुळे टीबी, बुरशी, नोकार्डिया असे जंतू फुप्फुसात घर करतात. म्हणजे ही १२ मिलिमीटरची गाठ आजाराचं मूळही असेल किंवा आजाराचा परिणामही. ही शंका रास्तच आहे. माझा विरोध आहे तो 'एकेटी देऊन बघू' याला. एकेटीतलं रिफाम्पिसिन यकृतातली एन्झाइम्स भडकवतं. त्यामुळे डेक्सामेथासोन लवकर नष्ट होतं आणि चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. कॉर्टिसॉल कमी करायला जे कीटोकोनॅझोल द्यावं लागतं, तेही रक्तात टिकत नाही. पुढे ऑपरेशननंतर लागणारं हायड्रोकॉर्टिसोनही अपुरं पडतं. अंदाजाने सुरू केलेलं एकेटी अशा रीतीने निदान आणि उपचार दोन्ही बिघडवतं. थुंकी तपासा, गरज पडल्यास ब्रॉन्कोस्कोपीतून नमुना घेऊन जीनएक्स्पर्ट (टीबीचा जंतू शोधणारी तपासणी) आणि बुरशीची तपासणी करा. जंतू सापडला तर एकेटी जरूर द्या, मग बाकीचे डोस त्या हिशेबाने बदलता येतात.

गाठ हॉर्मोन बनवणारी आहे का याचा अंदाज घ्यायला गॅलियम-६८ डोटाटेट पेट-सीटी हे आज हाताशी असलेलं चांगलं साधन. कार्सिनॉइडच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या हॉर्मोनचे रिसेप्टर असतात, त्यांना हे औषध चिकटतं आणि गाठ उजळते. मुंबई-पुण्यात ही तपासणी सहज होते. पण कॉर्टिसॉल फार चढलेलं असेल तर ते रिसेप्टर दबतात आणि खरी गाठही काळोखात राहू शकते. उलट टीबीच्या गाठीही थोड्या उजळतात. नेहमीचा, साखरेवर चालणारा एफडीजी पेट 'थंड' आला, म्हणजे गाठ उजळली नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका, टिपिकल कार्सिनॉइड त्यात बरेचदा थंडच असतं. पातळ कापांचं सीटी, डोटाटेट आणि पिट्युटरीचं रक्त, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर मी सर्जनला फोन करतो.

क्रोमोग्रॅनिन ए नावाची रक्ततपासणी कोणीतरी सुचवेलच. निदानासाठी तिचा उपयोग मर्यादित. आपल्याकडे दर दुसरा माणूस अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल घेतो, आणि त्या एका गोळीने हा आकडा कितीतरी पट चढतो. त्यावर रात्रीची झोप उडवू नका.

तिसऱ्या डॉक्टरांची बायोप्सी. गाठ मोठ्या श्वासनलिकेत असेल तर ब्रॉन्कोस्कोपीतून तुकडा घेता येतो, रक्तस्रावाची तयारी ठेवून. कडेच्या १२ मिलिमीटरच्या गाठीत सुई घालायची की सरळ काढूनच तपासायची, हे तिची जागा आणि सर्जनचा अंदाज यावर ठरतं. धोका मला दुसराच वाटतो: सुईच्या चिमूटभर तुकड्यात पेशी चिरडल्या जातात आणि कार्सिनॉइड स्मॉल सेलसारखं दिसू शकतं. दोन्हींचे उपचार जमीन-अस्मानाइतके वेगळे. रिपोर्टात 'स्मॉल सेल' आलं आणि पेशंट तरुण, धूम्रपान न करणारी, गाठ गोलसर व एकटी असेल, तर केमो सुरू होण्याआधी ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) न्यूरोएंडोक्राइन गाठी रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा आणि केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढताहेत याचा आकडा) किती ते विचारा. स्मॉल सेलमध्ये तो बहुधा खूप वर असतो, कार्सिनॉइडमध्ये खाली.

हा शोध चालू असताना वहिनींना तसंच ठेवायचं नाही, आणि तुम्हाला खरी घाई इथे आहे. पोटॅशियम २.६ म्हणजे हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात. आजच पोटॅशियम आणि सोबत ते लघवीतून जाऊ न देणारं स्पायरोनोलॅक्टोन सुरू झालं पाहिजे. पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मोठा, म्हणून पाय सुजला किंवा दम लागला तर थांबायचं नाही. कॉर्टिसॉल तापही झाकतं. 'अंगात कणकण नाही' म्हणून जंतुसंसर्ग नाही असं धरू नका. मन भरकटणं, रात्ररात्र झोप नसणं, भास होणं हीही आजाराचीच लक्षणं. उकिडवं बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येतं का, एवढं घरी बघा. येत नसेल तर मांड्यांचे स्नायू बरेच झिजलेत.

कॉर्टिसॉल उतरवायला आपल्याकडे मुख्य भरवसा कीटोकोनॅझोलवर. डोस दिवसाला ४०० मिलिग्रॅमपासून वाढवत नेतात, सुरुवातीला दर आठवड्याला लिव्हरची तपासणी. या गोळीला पोटातलं आम्ल लागतं. पँटोप्राझोल चालू असेल तर ती अंगी लागत नाही, आणि 'औषध लागू पडत नाही' असं सांगणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. मेटिरापोन आणि ओसिलोड्रोस्टॅट मिळाली तर उत्तम, पण ती सगळीकडे मिळत नाहीत. पेशंट अगदीच खालावली असेल, तर आयसीयूत भुलीचं एटोमिडेट कमी डोसात शिरेतून चालवून काही तासांत कॉर्टिसॉल खाली आणता येतं. कॉर्टिसॉल फार चढलेलं असेल तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळायला कोट्रायमोक्सॅझोलही सुरू करतात. पिट्युटरीच्या रक्ततपासणीसाठी औषध थांबवायचं की आधी औषध द्यायचं, हे त्यांच्या प्रकृतीवर अवलंबून. बरी असेल तर तपासणी आधी, खालावलेली असेल तर जीव आधी.

उगम फुप्फुसातच ठरला तर उपचार ऑपरेशनचा. गाठीपुरता लचका काढून भागत नाही. एसीटीएच बनवणारी कार्सिनॉइड दिसायला लहान असली तरी जवळच्या लसिकाग्रंथींत पसरलेली असण्याचं प्रमाण जास्त, म्हणून तो खंड किंवा उपखंड रीतसर काढून छातीतल्या ग्रंथीही काढाव्या लागतात. हे दुर्बिणीतूनही होतं. काढलेल्या गाठीच्या रिपोर्टात तीन गोष्टी शोधा: २ चौरस मिलिमीटरमध्ये विभागणाऱ्या पेशी किती (२ पेक्षा कमी आणि मेलेला भाग नसेल तर टिपिकल, २ ते १० किंवा मेलेला भाग असेल तर अटिपिकल), ग्रंथींत पसरली आहे का, आणि एसीटीएच ओळखणारा रंग लावून गाठीच्या पेशी तपासल्या का. शेवटची गोष्ट लिहिलेली नसेल तर मागून करून घ्या, उगमाचा पुरावा तोच. टिपिकल पूर्ण निघाली तर पाच वर्षांनंतरही दहांतले नऊजण हयात असतात. अटिपिकलचं गणित जरा कडक आणि लक्ष जास्त काळ ठेवावं लागतं.

ऑपरेशननंतरची एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरगुंडी उडते. ऑपरेशन यशस्वी झालं की कॉर्टिसॉल जवळजवळ शून्यावर येतं, कारण स्वतःची पिट्युटरी इतके दिवस झोपलेली असते. सांधे ठणकतात, कातडी सोलवटते, भूक मरते, माणूस रडवेला होतो. 'आधी बरी होती, ऑपरेशनने बिघडली' असं नातेवाईक म्हणायला लागतात. हे स्टिरॉइड उतरल्याचं लक्षण, म्हणजे चांगली खूण. त्या काळात हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या रोज लागतात, काहींना वर्षभरही. ताप आला तर डोस दुप्पट, उलट्या होऊन गोळी राहत नसेल तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. हे एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. कोणी 'स्टिरॉइड वाईट, बंद करा' म्हणालं तरी गोळी एकदम बंद करायची नाही.

सगळं शोधूनही उगम सापडलाच नाही, किंवा गाठ पसरलेली निघाली, तर दोन्ही अ‍ॅड्रिनल काढून कॉर्टिसॉलपासून सुटका करता येते, बदल्यात जन्मभर गोळ्या. पसरलेल्या गाठीसाठी ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची महिन्याची इंजेक्शनं, एव्हरोलिमस, आणि गाठ डोटाटेटवर उजळत असेल तर ल्युटेशियम-१७७ चा किरणोत्सारी उपचार. तो परळमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये होतो. वहिनींच्या बाबतीत आज यावर विचार करायची गरज नाही. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत काय बसतं ते भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारा.

फुप्फुसातल्या गाठी इतर हॉर्मोनही बनवतात. सेरोटोनिनमुळे चेहरा लाल होणं, जुलाब आणि दमा होतो, त्यात २४ तासांच्या लघवीतलं ५-एचआयएए तपासतात आणि आधी केळी, अननस, टोमॅटो, वांगं, अक्रोड बंद ठेवतात. ग्रोथ हॉर्मोन वाढवणारं जीएचआरएच बनवणारी कार्सिनॉइड हातापायांचे पंजे मोठे करते, आणि पिट्युटरी फुगलेली दिसल्याने तिथेही चुकून पिट्युटरीवरच ऑपरेशन होऊ शकतं. स्मॉल सेलमध्ये शरीरात पाणी धरून ठेवणारं एडीएच हॉर्मोन वाढून सोडियम घसरतं, कधीकधी कॅन्सरची पहिली चाहूल तीच असते.

राहिला मुलांचा प्रश्न. ही गाठ बहुतेकांत आनुवंशिक नसते. थोड्या लोकांत मेन-१ नावाचा आनुवंशिक दोष असतो, त्यात कॅल्शियम वाढतं आणि स्वादुपिंड व पिट्युटरीतही गाठी होतात. म्हणून वहिनींचं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हॉर्मोन एकदा तपासा, आणि त्यांच्या माहेरी कोणाला वारंवार मुतखडे, न भरणारे पोटातले अल्सर किंवा अशा गाठी होत्या का ते विचारा. दोन्हीकडे काही निघालं नाही, तर मुलांच्या तपासण्या करायची गरज नाही.